गुणतक्ता आणि ताळेबंद : फ्रेंच फुटबॉलच्या द्वितीय श्रेणीचा धडा

फ्रान्समधील व्यावसायिक फुटबॉलच्या द्वितीय श्रेणीचा, म्हणजे लीग-२ चा, २०२४-२५ चा हंगाम मे महिन्यात संपला. ३४ सामन्यांनंतर ७१ गुण मिळवून लोरिआं विजेता ठरला, ६९ गुणांसह पॅरिस एफसी दुसरा आला आणि या दोघांनी थेट प्रथम श्रेणी गाठली. ६५ गुणांच्या मेट्झने निर्णायक लढतीत प्रथम श्रेणीतील रँसला नमवून तिसरी जागा पटकावली. मैदानावरचा निकाल एवढाच होता. मात्र पुढील हंगामात कोणता क्लब कोणत्या श्रेणीत खेळणार, याचे उत्तर जुलै उजाडला तरी मिळाले नव्हते. ते पंचांच्या शिटीतून येण्याजोगे राहिलेच नव्हते. त्यासाठी सगळे हिशेबतपासनीसांच्या बैठकीकडे डोळे लावून बसले होते.

२४ जून रोजी फ्रेंच फुटबॉलच्या वित्तीय नियंत्रण मंडळाने सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या लिऑनला लीग-२ मध्ये ढकलले. ९ जुलैला अपिलात तो निर्णय फिरला आणि लिऑन वाचला. मधल्या दोन आठवड्यांत रँसच्या गोटात आशा जिवंत होती, कारण लिऑन खाली गेला असता तर मैदानावर हरलेला रँस वर राहू शकला असता. तळाशी चित्र याहून विलक्षण होते. कॉर्सिका बेटावरचा अजाक्सिओ गुणतक्त्यात सुरक्षित जागी असूनही हिशेब जुळवू न शकल्याने लीग-२ मधून बाहेर गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी तृतीय श्रेणीतला बुलोन आला. या बुलोनने तर बढतीसाठीची निर्णायक लढत क्लेर्माँकडून गमावली होती. जिंकलेला राहिला, हरलेलाही आला आणि मैदानावर जागा राखलेला मात्र गेला.

अशा हंगामाकडे केवळ क्रीडावृत्त म्हणून पाहणे अपुरे ठरेल. लीग-२ मध्ये आता दोन तक्ते समांतर चालतात : एक गुणांचा, दुसरा जमाखर्चाचा. पहिला दर आठवड्याला प्रसिद्ध होतो. दुसरा वर्षभर कपाटात राहतो आणि उन्हाळ्यात अचानक बाहेर येऊन पहिल्याला फिरवतो. फुटबॉलमधील पैसा आणि फुटबॉलवरचे नियंत्रण यांचे नाते नेमके कुठे बिघडले आहे, हे या श्रेणीत जितके उघडे पडते तितके क्वचितच इतरत्र पडत असेल.

उतरलेल्यांची शिडी

फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलला १९३२ मध्ये सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी द्वितीय श्रेणी उभी राहिली. वर चढण्याची आणि खाली घसरण्याची वाट मोकळी असणे, हा या रचनेचा आत्मा आहे. गँगाँसारखे जेमतेम सात हजार वस्तीचे ब्रिटनीतले गाव प्रथम श्रेणीत वर्षानुवर्षे खेळू शकले आणि २००९ व २०१४ मध्ये फ्रेंच चषकही घरी नेऊ शकले, ते याच मोकळ्या वाटेमुळे. २०२४-२५ पासून लीग-२ मधील क्लबांची संख्या २० वरून १८ करण्यात आली. वाटेकरी कमी झाले तर प्रत्येकाच्या पदरात थोडे अधिक पडेल, असा त्यामागचा व्यवहार होता.

पण या वाटेवर चालायला सगळ्यांना सारखे पाय मिळत नाहीत. २०२५ मध्ये वर गेलेल्या तिघांपैकी लोरिआं आणि मेट्झ हे आदल्याच वर्षी प्रथम श्रेणीतून खाली आलेले क्लब होते. खाली आलेल्या क्लबाला लीगकडून साहाय्यनिधी मिळतो, काही महागडे खेळाडू विकून गंगाजळी उभी करता येते आणि उरलेला संघही या श्रेणीच्या मानाने भारीच असतो. त्यामुळे उतरलेल्याला परत चढण्यासाठी शिडी मिळते आणि वर्षानुवर्षे याच श्रेणीत खपणाऱ्या रोदेझ, लावाल किंवा पो यांना ती मिळत नाही.

तरीही निव्वळ पैशाने हा हिशेब सुटत नाही. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर खाली आलेला तिसरा क्लब क्लेर्माँ सोळाव्या क्रमांकावर घसरला आणि तृतीय श्रेणीत जाता जाता वाचला. निधीची सोय तिघांनाही होती. फरक घडी टिकवण्यात होता. लोरिआंमध्ये लोइक फेरी २००९ पासून अध्यक्ष होते आणि अमेरिकी उद्योजक बिल फोली यांची गुंतवणूक येऊनही कारभाराचा कणा बदललेला नव्हता. संघ खाली आल्यावर त्यांनी अजाक्सिओचे दीर्घकाळ प्रशिक्षक राहिलेल्या ओलिव्हिए पांतालोनी यांना आणले. तुटपुंज्या साधनांत संघ कसा चालवावा, हे या गृहस्थाला पाठ होते. मेट्झने सेनेगलमधल्या जेनेरासिओं फूट या अकादमीशी वर्षानुवर्षे जपलेले नाते हेही असेच संचित. सादिओ माने युरोपात आला तो याच वाटेने.

दोन धनाढ्य, दोन शेवट

या हंगामाचा सर्वांत बोलका धडा मात्र पॅरिस एफसी आणि काँ या दोन क्लबांच्या तुलनेत आहे. दोघांचीही मालकी २०२४ मध्ये बदलली. दोन्हीकडे जगप्रसिद्ध नावे आली. वर्षअखेर एक प्रथम श्रेणीत गेला आणि दुसरा तृतीय श्रेणीत कोसळला.

पॅरिस एफसीची स्थापना १९६९ ची. पुढच्याच वर्षी स्ताद सँ-जेर्मँशी विलीनीकरण होऊन पॅरिस सँ-जेर्मँ, म्हणजे आजचा पीएसजी, जन्माला आला. १९७२ मध्ये दोघांची फारकत झाली. पीएसजी पुढे वैभवाला चढला आणि पॅरिस एफसी विस्मरणात गेला. १९७८-७९ नंतर त्याला प्रथम श्रेणीचे दर्शन नव्हते. अशा क्लबात लुई व्हितों, दिओर यांसारख्या विलासी वस्तूंच्या साम्राज्याचे धनी असलेल्या आर्नो कुटुंबाने बहुमताची मालकी घेतली आणि रेड बुल हा लहान भागीदार म्हणून सोबत आला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर घेतली आणि बढतीचे श्रेय साहजिकच या पैशाच्या खाती जमा झाले.

कालक्रम पाहिला तर ते श्रेय पूर्णपणे तिथे जात नाही. मालकीचा व्यवहार पूर्ण झाला तो नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, आणि तोवर पॅरिस एफसी गुणतक्त्याच्या शिखराशी पोहोचलेला होता. २०१२ पासून अध्यक्ष असलेले पिएर फेरासी यांनी क्लब पायरीपायरीने उभा केला होता. शार्लेती मैदानावरच्या रिकाम्या खुर्च्या भराव्यात म्हणून त्यांनी २०२३ मध्ये सामन्यांचे प्रवेश मोफत केले. महानगरात क्लब आहे पण प्रेक्षक नाही, या दुखण्यावरचा तो धाडसी उपाय होता. आर्नो कुटुंबाने आल्या आल्या त्यांना दूर केले नाही, प्रशिक्षक स्तेफान जिली यांनाही बदलले नाही. २ मे रोजी मार्तिगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली आणि बढती पक्की झाली, तेव्हा मैदानावर जे पीक उभे होते त्याची पेरणी बरीच आधीची होती. नव्या मालकांचे शहाणपण एवढेच, की उभ्या पिकात त्यांनी नांगर घातला नाही.

नॉर्मंडीतल्या काँमध्ये नेमके उलटे घडले. २०२४ च्या उन्हाळ्यात किलियन एम्बाप्पेच्या गुंतवणूक कंपनीने या क्लबाची बहुमताची मालकी मिळवली. व्यवहार सुमारे दीड कोटी युरोंचा असल्याच्या बातम्या होत्या. आदल्या हंगामात काँ सहावा आला होता, म्हणजे क्लब काही मोडकळीला आलेला नव्हता. नव्या मालकांनी वरची व्यवस्था बदलली. डिसेंबरमध्ये निकोला सब यांना प्रशिक्षकपदावरून हटवले. हे सब खेळाडू म्हणून काँच्या इतिहासात सर्वाधिक सामने खेळलेले. गावाला आपला वाटणारा माणूस. त्यांच्या जागी आलेले पोर्तुगीज प्रशिक्षक ब्रुनो बाल्ताझार फेब्रुवारीपर्यंतच टिकले आणि मग मिशेल देर झाकारियान यांना पाचारण झाले. एका हंगामात तीन प्रशिक्षक, तीन पद्धती आणि खेळाडूंच्या डोक्यात तिहेरी गोंधळ. एप्रिलअखेर मार्तिगकडून घरच्या मैदानावर ०-३ असा पराभव झाला आणि काँची घसरण निश्चित झाली. १९८४ नंतर प्रथमच हा क्लब तृतीय श्रेणीत गेला.

विश्वविजेत्या खेळाडूचे नाव क्लबाच्या दारावर लागले म्हणून चेंडू गोलजाळ्यात जात नाही. फुटबॉलचा क्लब हा कारखान्यासारखा विकत घेऊन लगेच चालू करण्याजोगा नसतो. त्याला गावाची सवय, कर्मचाऱ्यांची निष्ठा, जुन्या जाणत्यांचा अनुभव असे न दिसणारे भांडवल लागते. ताळेबंदात या भांडवलासाठी रकाना नाही, म्हणून नवा मालक ते मोजत नाही आणि मोजत नाही म्हणून उधळतो.

बोर्दोची सावली

या साऱ्या हंगामावर सावली होती ती लीग-२ मध्ये नसलेल्या एका क्लबाची. सहा वेळा फ्रान्सचा विजेता ठरलेला, झिदानसारख्या खेळाडूला घडवणारा, १८८१ मध्ये स्थापन झालेला बोर्दो २०२४ च्या उन्हाळ्यात आर्थिक डोहात बुडाला. २०१८ मध्ये तो अमेरिकी गुंतवणूकदारांच्या हाती गेला होता. २०२१ च्या वसंतात त्यांनी अंग काढून घेतले आणि गेरार लोपेझ यांनी तो उचलला. २०२२ मध्ये तो प्रथम श्रेणीतून घसरला. २०२३ मध्ये परतण्याची संधी शेवटच्या दिवशी हुकली, कारण रोदेझविरुद्धच्या सामन्यात एका प्रेक्षकाने प्रतिस्पर्धी खेळाडूला धक्का दिला आणि सामनाच रद्द झाला. सुमारे ४२ हजार आसनांचे नवे मैदान, प्रथम श्रेणीच्या मापाचा खर्च आणि द्वितीय श्रेणीचे उत्पन्न, ही सांगड फार काळ टिकणारी नव्हती. जुलै २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांशी चाललेली बोलणी फिसकटली. क्लबाने १९३७ पासून जपलेला व्यावसायिक दर्जा सोडला आणि तो थेट चतुर्थ श्रेणीत गेला. अकादमीतील मुलांना दुसरी दारे शोधावी लागली.

बोर्दोच्या जाण्याने वाचला तो मैदानावर घसरलेला त्रुआ. मँचेस्टर सिटीच्या मालकांचे पाठबळ असलेला हा क्लब चार घसरणाऱ्यांत होता. बोर्दोची जागा रिकामी झाली म्हणून तो लीग-२ मध्ये राहिला. म्हणजे सलग दोन उन्हाळे लीग-२ ची अंतिम यादी मैदानाबाहेर ठरली.

येथे वित्तीय नियंत्रण मंडळाची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक व्यावसायिक क्लबाला आपले हिशेब आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प या मंडळासमोर मांडावा लागतो. तूट भरून निघेल याची खात्री पटली नाही तर मंडळ पगारखर्चावर मर्यादा घालते, नव्या खेळाडूंच्या खरेदीवर बंधन आणते आणि अखेरचे अस्त्र म्हणून क्लबाला खालच्या श्रेणीत ढकलते. युरोपात इतकी जुनी आणि इतकी दात असलेली यंत्रणा दुर्मीळ आहे. लिऑनसारख्या बड्या क्लबावर हात टाकायला ती कचरली नाही, ही तिच्या बाजूने बोलणारी गोष्ट.

तरीही तिची मर्यादा बोर्दो आणि अजाक्सिओ या दोन्ही प्रकरणांत दिसते. मंडळ खर्चाला लगाम घालू शकते, उत्पन्न निर्माण करू शकत नाही. मालकाच्या खिशातून येणारे आश्वासन ते हमी म्हणून स्वीकारते. मालकच हात वर करतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग शिक्षा भोगतो तो तिकिटे काढणारा प्रेक्षक, तिकीटखिडकीवरचा कर्मचारी आणि अकादमीतला पंधरा वर्षांचा मुलगा. मालक दुसऱ्या देशात दुसरा क्लब पाहू लागतो.

शुक्रवारची रात्र कोणाची?

क्लबांना मालकाच्या खिशावर इतके विसंबावे का लागते, याचे उत्तर दूरचित्रवाणीच्या करारांत आहे. २०१८ मध्ये मीडियाप्रो या कंपनीने वर्षाला ८० कोटी युरोंहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले आणि २०२० मध्ये करार सुरू झाल्यावर काही महिन्यांतच हप्ते थकवले. त्या भरवशावर खर्च वाढवून बसलेले क्लब कोरडे पडले. २०२२ मध्ये लीगने आपल्या व्यापारी उपक्रमातील १३ टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक निधीला दीड अब्ज युरोंना विकला. आजची निकड भागली, पण उद्याच्या प्रत्येक शंभर युरोंतले तेरा कायमचे गहाण पडले. या रकमेच्या वाटपात एकट्या पीएसजीला २० कोटी युरो मिळाले, तर द्वितीय श्रेणीच्या वाट्याला किरकोळ रकमा आल्या. २०२४ मध्ये डॅझनशी झालेला प्रथम श्रेणीचा करार हंगाम तोंडावर आला असताना जुळला आणि एका वर्षातच मोडला. त्यानंतर २०२५ मध्ये लीगने स्वतःची वाहिनी सुरू केली.

लीग-२ चे हक्क बीइन स्पोर्ट्सकडे आहेत. पाच वर्षांसाठी, दर हंगामाला सुमारे ४ कोटी युरो. रक्कम मोठी नाही, पण टिकाऊ आहे, आणि या अनिश्चिततेत तेवढाही आधार क्लबांना मोलाचा वाटला. त्याची किंमत मात्र प्रेक्षकांकडून वसूल झाली. शनिवारी संध्याकाळी होणारे बहुतेक सामने नव्या करारात शुक्रवारी रात्री आठला हलवले गेले, आणि एक सामना सोमवारी रात्री. आठवडाभर राबणाऱ्या माणसाने डंकर्कहून ग्रेनोबलला शुक्रवारी रात्री आठला पोहोचायचे कसे? चाहत्यांच्या संघटनांनी आंदोलन पुकारले. घोषणा आणि गाणी बंद झाली, फलक लागले, मैदानात टेनिसचे चेंडू फेकून खेळ थांबवण्यात आला. अखेर काही सामने शनिवारी घेण्याची तडजोड झाली.

हा वाद वेळापत्रकाचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी मालकीचाच प्रश्न आहे. वाहिनीला प्रेक्षकांनी भरलेले मैदान पडद्यावर हवे असते, आणि ते भरणाऱ्यांची सोय मात्र करारात कुठेच नसते. पॅरिसच्या वेशीवरच्या सँ-त्वाँ या कामगार वस्तीतला रेड स्टार हा १८९७ मध्ये ज्यूल रिमे यांनी स्थापन केलेला क्लब. विश्वचषकाची कल्पना प्रत्यक्षात आणणारे ते हेच रिमे. २०२२ मध्ये तो ७७७ पार्टनर्स या अमेरिकी कंपनीने घेतला, तेव्हा चाहत्यांनी कडाडून विरोध केला. लोकांना तो हेकटपणा वाटला होता. दोनच वर्षांत ती कंपनी स्वतःच आर्थिक गर्तेत सापडली. गॅलरीतल्या माणसांना जे दिसले होते ते खरेदीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांना दिसले नव्हते. रेड स्टारने २०२४-२५ मध्ये पंधराव्या क्रमांकावर राहून आपली जागा राखली.

गोमंतकाच्या चष्म्यातून

हे सारे दूरदेशीचे वाटू नये अशी परिस्थिती आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये उद्भवली. इंडियन सुपर लीगच्या आयोजक कंपनीने ११ जुलै रोजी आगामी हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कळवले, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला तिचा १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. एका करारावर संपूर्ण खेळ टांगलेला असणे म्हणजे काय, हे एफसी गोवाच्या खेळाडूंना आता समजावून सांगण्याची गरज नाही. आय-लीगचे विजेतेपद महासंघाच्या अपील समितीने चर्चिल ब्रदर्सला दिले आणि १८ जुलैला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते इंटर काशीकडे सोपवले. तेव्हा मैदानाबाहेर ठरणारा गुणतक्ता ही केवळ फ्रेंचांची मिरास राहिलेली नाही.

फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली, ती नव्या आराखड्यात जुन्या क्लबांना वरची वाट बंद होणार या कारणावरून. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला आपल्याच देशात दुय्यम ठरवले जाणार होते. फ्रान्समध्ये बोर्दो चौथ्या श्रेणीत गेला तरी वरची वाट त्याला खुली आहे. वेळ लागेल, पण दार बंद नाही. नियम कठोर असले तरी चालतात. वाट मात्र उघडी हवी.

पुढचा हंगाम, खरी कसोटी

ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या लीग-२ मध्ये दहा वेळचा विजेता सेंट एतियन, सहा वेळचा विजेता रँस आणि २०१२ चा विजेता माँपेलिए हे तिघे एकाच वेळी उतरले. रँसने तर २४ मे रोजी फ्रेंच चषकाचा अंतिम सामना पीएसजीकडून गमावला आणि पाचच दिवसांनी मेट्झकडून घरच्या मैदानावर जादा वेळेत ३-१ असा मार खाऊन खालची श्रेणी गाठली. एवढ्या मोठ्या नावांमुळे प्रेक्षक वाढणार, वाहिनीही सुखावणार, अशी अपेक्षा होती. पण याच नावांच्या मागे प्रथम श्रेणीच्या मापाचे खर्च होते आणि बोर्दोची कथाही नेमकी अशाच खर्चापासून सुरू झाली होती. तिघांपैकी जे वर्षभरात परत वर जाणार नाहीत, त्यांच्या ताळेबंदावर हंगामानंतर सर्वांची नजर राहणार होती.

यावर उपाय अगदीच अप्राप्य नाहीत. मालकाच्या तोंडी आश्वासनाऐवजी रक्कम आगाऊ जमा करून घेणे, क्लब विकत घेणाऱ्याची आर्थिक पत व्यवहारापूर्वी तपासणे, आणि मैदान बहुधा नगरपालिकेचेच असल्याने नगरपालिकेला व चाहत्यांच्या प्रतिनिधींना संचालक मंडळात बसवणे, एवढे केले तरी जूनमधली भूकंपांची मालिका बरीच सौम्य होईल. नियंत्रण मंडळ आज शवविच्छेदन उत्तम करते. त्याने नाडीपरीक्षा शिकायला हवी.

तोवर पो, रोदेझ, लावाल यांसारखी गावे शुक्रवारच्या रात्री मैदानावर येत राहतील. कोणाचा मालक अब्जाधीश आहे, कोणाचा नाही, याने त्यांचे गाणे बदलत नाही. क्लबाचे खरे देणे आहे ते याच माणसांचे, आणि त्याची नोंद आजवर कोणत्याही ताळेबंदात झालेली नाही.